हातांना मान देणाऱ्या कमलादेवी

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एका थोर स्त्रीचे चरित्र असावे, असे कार्यकारिणीत ठरले आणि ते लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई, रमाबाई रानडे यांची चरित्रे आपण सर्वजणी जाणतो. म्हणून मी मुद्दाम असे एक नाव निवडले आहे की, जे पुष्कळजणींच्या कानावरून गेलेले असते, परंतु त्या नावामागचे एक मोठे कार्य क्वचितच सांगितले जाते. ते नाव म्हणजे श्रीमती कमलादेवी चट्टोपाध्याय.

ही निवड करण्यास आपला गोंदिया जिल्हाच कारण झाला. घरदार सोडून आलेली माणसे आपल्याला नवीन नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे गोंदिया शहरात स्थिरावली आणि इथल्या व्यापारात मिसळून गेली. पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे अर्जुनी मोरगाव तालुक्यात जंगलाच्या कडेला वसली. त्याच तालुक्यात प्रतापगड व गोठणगावच्या बाजूला १९७२ साली तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत उभी राहिली. तेव्हा आपला भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला. ज्यांची गावे, शेते आणि देवळे मागे राहिली, अशा तीन समाजांचे शेजारी म्हणून आपण इतकी वर्षे राहत आहोत. अशा माणसांना मदत करायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर कमलादेवींनी आपल्या आयुष्यातून दिले आहे. ते आपल्या मंडळालाही उपयोगी पडेल, असे मला वाटते.

कमलादेवींचा जन्म ३ एप्रिल १९०३ रोजी मंगळूर येथे झाला. घराणे सारस्वत, घरची बोली कोकणी. वडील अनंतय्या धारेश्वर हे सरकारी नोकरीत वरच्या हुद्द्यावर होते. आई गिरिजाबाई वाचनाची आवड असलेल्या आणि स्वतंत्र बाण्याच्या. न्यायमूर्ती रानडे, गोपाळ कृष्ण गोखले, रमाबाई रानडे यांच्यासारख्या मंडळींशी या घराचा स्नेह होता. असे सगळे सुखाचे चाललेले असताना कमलादेवींच्या वयाच्या सातव्या वर्षी वडील वारले. त्यांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्या काळच्या कायद्याप्रमाणे सारी इस्टेट सावत्र मुलाकडे गेली आणि पत्नीच्या व लेकीच्या वाट्यास पोटगीपुरती रक्कम तेवढी आली. गिरिजाबाईंनी ती रक्कम घेण्याचे नाकारले. माहेरून मिळालेले जे काही होते, तेवढ्यावरच त्यांनी मुलीला वाढवले.

भगिनींनो, या प्रसंगाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधते. काल ज्या घरात मालकीण म्हणून वावरलो, त्याच घरात आज दुसऱ्याच्या मर्जीवर राहायचे, हा अनुभव निर्वासिताचाच अनुभव आहे. तो या मुलीने सातव्या वर्षी घेतला. आईने पोटगी का नाकारली, हेही तिने जवळून पाहिले. पुढे हजारो निर्वासितांमध्ये वावरताना कमलादेवींनी शिधा वाटण्यावर समाधान का मानले नाही, याचे मूळ मला या मंगळूरच्या घरात दिसते.

चौदाव्या वर्षी, १९१७ साली त्यांचे लग्न झाले आणि दोन वर्षांच्या आतच त्या विधवा झाल्या. त्या काळी अशा मुलीचे पुढचे आयुष्य कसे जाई, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडून आपण ऐकले आहे. परंतु कमलादेवींनी शिक्षण सोडले नाही. मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजात शिकत असताना सरोजिनी नायडूंच्या घराशी त्यांचा परिचय झाला आणि सरोजिनीबाईंचे बंधू, कवी व नट हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. समाजाने नावे ठेवली, ती त्यांनी सोसली. पुढे त्या विलायतेस गेल्या आणि लंडनच्या बेडफर्ड कॉलेजात समाजशास्त्र शिकल्या. हा विवाहही शेवटपर्यंत टिकला नाही. मतभेद झाल्यावर दोघे रीतसर विभक्त झाली. एकुलत्या एका मुलाला त्यांनी सार्वजनिक कामाच्या धबडग्यातच वाढवले.

१९२६ साली मद्रास प्रांताच्या कायदेमंडळासाठी त्या निवडणुकीस उभ्या राहिल्या. स्त्रीने निवडणूक लढवावी, ही गोष्टच त्या वेळी नवलाची होती. थोड्या मतांनी त्यांचा पराभव झाला, पण वाट मोकळी झाली. १९२७ च्या जानेवारीत पुण्यास अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. त्या परिषदेच्या संघटनेची जबाबदारी कमलादेवींनी उचलली आणि गावोगाव फिरून तिच्या शाखा वाढवल्या. आज आपण ज्याला महिला मंडळ म्हणतो, त्याची सवय देशातील स्त्रियांना लावण्यात या परिषदेचा वाटा मोठा आहे.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात स्त्रियांना सामील करून घ्यावे, म्हणून त्यांनी थेट गांधीजींजवळ आग्रह धरला. एप्रिल महिन्यात मुंबईस चौपाटीवर कायदेभंग झाला, तेव्हा अवंतिकाबाई गोखले आणि कमलादेवी या आघाडीस होत्या. पुढे मिठाच्या पुड्या घेऊन त्या चक्क मुंबईच्या शेअरबाजारात शिरल्या आणि तिथल्या व्यापाऱ्यांना त्यांनी ते मीठ विकले. त्याबद्दल त्यांना तुरुंगवास घडला. त्यानंतरही अनेकदा घडला. १९३६ साली त्या काँग्रेस समाजवादी पक्षाच्या अध्यक्षा झाल्या. एवढी सगळी पुण्याई गाठीस असताना स्वातंत्र्यानंतर एखादे मोठे पद त्यांना सहज मिळाले असते. परंतु १९४७ साली दिल्लीत जे दिसले, त्याने त्यांची वाटच बदलली.

फाळणीने लक्षावधी माणसे रस्त्यावर आणली. दिल्लीच्या आसपास तंबूंच्या छावण्या पडल्या. सरकार शिधा देत होते, कपडे देत होते, आणि त्या पहिल्या दिवसांत ते आवश्यकच होते. परंतु महिने जाऊ लागले तशी एक वेगळीच व्याधी दिसू लागली. कालपर्यंत स्वतःचे दुकान चालवणारा, शेत कसणारा माणूस रोज सकाळी भांडे घेऊन रांगेत उभा राहू लागला. घरोघरी सणाला दहा पाने वाढणाऱ्या बायका दुसऱ्याने दिलेल्या चादरीकडे बघत बसून राहू लागल्या. पोट भरत होते. माणूस मात्र आतून खचत होता. दिल्लीच्या एका छावणीत लक्ष्मीचंद जैन नावाचा तरुण कार्यकर्ता हेच पाहत होता. कमलादेवींची व त्याची गाठ पडली आणि पुढची अनेक वर्षे दोघांनी बरोबर काम केले.

कमलादेवींनी उपाय शोधला तो सहकाराचा. गांधीजींशी विचारविनिमय करून त्यांनी इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन ही संस्था काढली. दिल्लीजवळ छतरपूर येथे जमिनी ओस पडल्या होत्या. पश्चिम पंजाबातून आलेल्या शेतकरी कुटुंबांना तिथे नेऊन सहकारी शेती सुरू झाली. शेतकऱ्याला शेत मिळाले, हे पहिले पाऊल. परंतु सगळेच निर्वासित शेतकरी नव्हते, आणि खरी परीक्षा पुढेच होती.

वायव्य सरहद्द प्रांतातून, म्हणजे बन्नू, डेरा इस्माइलखान, कोहाट, पेशावर या बाजूने आलेले निर्वासित कुरुक्षेत्राच्या छावणीत होते. त्यांना दूर दूर पांगवण्यास त्यांचा विरोध होता. आम्हाला एकत्र वसवा, असा त्यांचा हट्ट होता. अखेर १९४९ साली दिल्लीच्या दक्षिणेस फरिदाबाद येथे त्यांच्यासाठी नवे नगर वसवण्याचे ठरले. त्यासाठी मंडळ नेमले गेले, डॉ. राजेंद्रप्रसाद त्याचे अध्यक्ष झाले, सुधीर घोष यांच्याकडे कारभार आला, आणि पंडित नेहरू स्वतः या कामात लक्ष घालू लागले. सुमारे तीस हजार माणसांचा हा प्रश्न होता. सहकारी संस्था उभारण्याचे काम कमलादेवींच्या युनियनकडे आले.

घरे बांधायची होती. नेहमीची रीत म्हणजे ठेकेदाराला काम द्यायचे, त्याने बाहेरून मजूर आणायचे आणि निर्वासितांनी तयार घरात राहावयास जायचे. इथे मात्र असे ठरले की, ज्यांची घरे त्यांनीच बांधायची. यातले बहुतेक लोक दुकानदार आणि व्यापारी. तराजू हाती धरणारे. त्यांना थापी आणि ओळंबा कुठला माहीत? सरकारी बांधकाम खात्यातील मंडळींना हे पटत नव्हते. परंतु लोकांच्या मजूर सहकारी संस्था झाल्या, विटा पाडणे, गवंडीकाम, सुतारकाम, रस्ते आखणे हे सर्व लोक काम करता करता शिकले आणि हजारो घरे त्यांच्याच हातांनी उभी राहिली. फुकटच्या शिध्याच्या जागी कामाची मजुरी आली. घर हे दान न राहता स्वतःच्या घामाचे झाले. तंत्रशिक्षणाची सोय झाली, छोटे कारखाने निघाले. मुलांच्या शिक्षणाची घडी बसवण्यासाठी आपल्या विदर्भातून, सेवाग्रामहून, आशादेवी आर्यनायकम् तिकडे गेल्या आणि काम व शिक्षण यांची सांगड घालणारी नई तालीम त्यांनी तिथल्या शाळांत नेली. सेवाग्रामचे नाव आले की आपल्याला आपलेपणा वाटतो. त्या छावणीतील मुलांपर्यंत ते असे पोहोचले होते.

बायकांचे काय? पंजाबातील बायकांच्या हातात फुलकारीचे भरतकाम होते. ते त्या घरी करीत, लेकीच्या लग्नासाठी, नातवंडांच्या बारशासाठी; त्याचे पैसे होतात, हे कधी त्यांच्या मनातही आले नव्हते. दिल्लीतील काही सेवाभावी स्त्रियांनी निर्वासित भगिनींना कापड आणि दोरा पुरवून त्यांचा माल विकणारे दुकान काढले. सरकारचे कुटिरोद्योग भांडारही दिल्लीत सुरू झाले होते. १९५० नंतर त्याचा कारभार कमलादेवींच्या युनियनने हाती घेतला आणि देशभरच्या कारागिरांना एक भरवशाची बाजारपेठ करून दिली. दिल्लीस जनपथावर हे भांडार पुढे फार नावारूपास आले.

या ठिकाणी मी थोडी थांबते, कारण माझ्या मते कमलादेवींच्या कार्याचे मर्म इथे आहे. कसब शिकवणे हा त्यांच्या कामाचा फक्त एक भाग होता. शिकलेल्या हातांनी केलेला माल कोण विकणार, कोणत्या भावाने विकणार, आणि तो भाव ठरवताना त्या हातांच्या मालकिणीला विचारले जाणार की नाही, हे प्रश्न त्या सोडत नसत. म्हणून त्यांनी शिक्षणाबरोबर दुकान जोडले आणि दुकानाबरोबर सहकारी संस्था जोडली, जिथे काम करणाऱ्याला मत होते.

हे नीट समजायला आपल्याला दिल्लीस जाण्याचे कारण नाही. आपल्या जिल्ह्यात बिडी वळणाऱ्या बायका किती आहेत! तेंदूपान कापणे, तंबाखू भरणे, दोरा गुंडाळणे, तोंड मिटणे. काय ते हातांचे चापल्य. कसबात त्या कुठेही कमी नाहीत. तरीही हजाराचा दर त्यांनी ठरवलेला नसतो आणि कोणती बिडी खराब म्हणून बाजूला टाकायची, हेही त्यांच्या हाती नसते. कसब आहे, काम आहे, पण शब्दाला किंमत नाही. बांबूच्या टोपल्या आणि सुपे विणणाऱ्यांचीही तीच गत. हाताला नुसते काम मिळाले म्हणजे मान मिळतोच असे नाही, हे आपल्या डोळ्यांसमोर आहे.

१९५२ साली भारत सरकारने अखिल भारतीय हस्तकला मंडळ स्थापन केले आणि कमलादेवी त्याच्या अध्यक्षा झाल्या. पुढची सुमारे वीस वर्षे त्यांनी देश पालथा घातला. मोटार जाईल तिथे मोटारीने, नाही तर बैलगाडीने, नाही तर पायी. कुठे एखादा म्हातारा कारागीर शेवटची कला जाणणारा उरला आहे असे कळले की त्या तिथे जात, त्याच्या हाताखाली तरुण मुले बसवीत, मुलांना विद्यावेतन देववीत. आंध्रात काळहस्ती येथे कलमकारीची कला संपत आली होती. तिथे शिक्षणकेंद्र निघाले आणि ती वाचली. १९६४ साली भारतीय हस्तकला परिषद निघाली. निष्णात कारागिरांचा राष्ट्रीय पुरस्काराने गौरव करण्याची प्रथा त्याच काळात पडली. गावचा कुंभार किंवा विणकर राष्ट्रपतींच्या हातून मानपत्र घेतो, ही गोष्ट आज आपल्याला साधी वाटते. त्यामागे या बाईंची चिकाटी आहे.

त्यांना १९५५ साली पद्मभूषण, १९६६ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९८७ साली पद्मविभूषण मिळाले. २९ ऑक्टोबर १९८८ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. वय पंच्याऐंशी होते.

थोरांचे चरित्र लिहिताना सर्व काही यशस्वी झाले असे लिहिण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती मी पाळत नाही. फरिदाबादच्या सहकारी संस्था फार वर्षे टिकल्या नाहीत. उत्साहाचा पहिला काळ संपल्यावर कारभार सरकारी खात्यांकडे गेला, नियम वाढले, लोकांचा शब्द कमी झाला आणि ते नगर पुढे मोठ्या कारखान्यांचे शहर म्हणून वाढले. कमलादेवींनी वाढवलेले हस्तकला मंडळही २०२० साली सरकारने बंद केले. मग त्यांचे काम वाया गेले काय? मला तसे वाटत नाही. ज्या दुकानदाराने भर उन्हात विटा रचून स्वतःचे घर बांधले, त्याची मान पुन्हा खाली गेली नाही. त्याची मुले आपल्या पायांवर उभी राहिली. संस्था मोडतात, शिकलेले हात मोडत नाहीत. मात्र संस्था का मोडली, हेही आपण ध्यानात ठेवले पाहिजे. चालवणाऱ्यांच्या हातून कारभार निसटला की, कितीही चांगले काम सुकू लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहू. नोर्ग्येलिंगच्या वसाहतीत तिबेटी बंधुभगिनींनी शेती केली, गालिचे विणले, हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकले. बर्फाळ पठारावरची ही माणसे आपल्या विदर्भाच्या मे महिन्यात कशी राहिली असतील, याची कल्पनाच करावी. परंतु ती राहिली आणि मानाने राहिली. त्यांच्या गालिच्याची वीण त्यांच्या आजीने शिकवलेली आहे. ती जपल्यामुळे पोटाला आधार झाला आणि आपण कोण आहोत याचा विसरही पडला नाही. त्याबरोबर वसाहतीत सहकारी संस्था उभी राहिली. कमलादेवींनी ज्या तीन गोष्टी सांधल्या, म्हणजे कसब, बाजार आणि स्वतःचा कारभार, त्याच तिथेही जुळून आलेल्या दिसतात. पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनीही मत्स्यशेती आणि भातशेतीचे आपले ज्ञान बरोबर आणले. निर्वासित रिकाम्या हातांनी येतात असे आपण म्हणतो, पण हात कधी रिकामे नसतात. त्यांत काय आहे, हे विचारणारा कोणी भेटावा लागतो.

आपल्या मंडळात दरवर्षी एक चर्चा होते. वर्धापनदिनाच्या शिल्लक रकमेतून गरजूंना साड्या आणि पांघरुणे वाटावीत, की शिवणवर्ग वाढवावा? या वर्षीही ती होईल. थंडीत कुडकुडणाऱ्याला आधी पांघरूण द्यावे, यात वाद नाही. कमलादेवींनीही भुकेल्याला आधी सूत कातायला सांगितले नव्हते. परंतु पांघरुणापाशी थांबू नये, एवढे त्यांचे चरित्र मला सांगते. आणि शिवणवर्गापाशीही थांबू नये. वर्गातून दरवर्षी मुली शिकून बाहेर पडतात. त्यांतल्या कितीजणींच्या हाती स्वतःची कमाई येते? झबली, परकर, पिशव्या शिवून झाल्या की त्या विकायच्या कुठे, हे आपण त्यांना सांगतो का?

म्हणून माझी तीन कामांची सूचना आहे. एक, वर्गात शिकलेल्या मुलींच्या मालासाठी मंडळाने आठवड्यातून एक दिवस विक्रीची जागा द्यावी. दोन, मालाचा दर ठरवताना शिवणाऱ्या मुलींनाही बैठकीस बोलवावे आणि हिशेबाची वही त्यांच्यापुढे उघडी ठेवावी. तीन, अर्जुनी मोरगावकडील वसाहतींतील भगिनींना आपण शिकवायला जाण्याआधी त्यांच्याकडून शिकायला बोलवावे. गालिच्याची गाठ कशी मारतात, कांथ्याचे टाके कसे घालतात, हे त्यांनी आपल्याला दाखवावे आणि त्या दिवशी त्या आपल्या गुरू असाव्यात. ज्याच्याकडे आपण शिकतो, त्याच्याशी आपण दयेने बोलत नाही, आदराने बोलतो.

मोठे पद न मागता कमलादेवी तंबूंच्या छावणीत गेल्या आणि तिथे त्यांनी माणसांच्या हातांकडे पाहिले. आपल्या मंडळाला एवढी दृष्टी आली, तरी पुष्कळ झाले. मंडळाच्या पुढील वाटचालीस माझ्या मनःपूर्वक शुभेच्छा.